अक्काचा गोल

अक्काला शेवटचं भेटले तेव्हा मी तिचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत धरून बसले होते, आणि ती विचारत होती, “नीलू आली नाही काय गं अजून?” हा प्रश्न तिने केला तो उजवीकडच्या हिरव्या पडद्याला. मी म्हटलं, “अक्का, मी इथेच आहे. हा काय, तुमचा हात धरलाय.” आवाज ऐकून तिचा चेहरा खुलला आणि ती मला शोधायला लागली. पडद्यात शोधलं, सलाइनच्या खांबाकडे पाहिलं, टिकटिक करणाऱ्या यंत्राकडे पाहिलं. मी होते तेवढी जागा सोडून तिने सगळीकडे पाहिलं. उजव्या बाजूला यंत्रांची इतकी गर्दी होती की उभं राहायलाही जागा नव्हती. मी तिच्यावरून वाकून माझा चेहरा पलीकडे न्यायचा प्रयत्न केला, तर नळ्या मधे आल्या आणि सिस्टर धावत आली. “मॅडम, टाइम आयतु,” म्हणाली. भेटीची वेळ संपली होती. मी हात सोडला. सोडलेला तिला कळलाही नाही... ती पडद्याकडेच बघत होती. दुसऱ्या दिवशी मी इंदिरानगरच्या ऑफिसात जागेवर जाऊन बसले न बसले तोच अण्णांचा फोन आला. “नीलू, घरी ये,” एवढंच म्हणाले. मी पर्स उचलून निघाले.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ आणि अण्णा तिचे यजमान, माझे मोठे दीर. अख्ख्या गल्लीची ती अक्का होती, त्यामुळे लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा मीही तिला अक्काच म्हणायला लागले. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरची. त्यांच्या मराठीत ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ इतके मुरलेले की थोडं आणि ठीक हे शब्द घरात फक्त मी वापरायचे. बनशंकरीतल्या आमच्या घरात खाली अक्का-अण्णा, वर आम्ही. खालच्या पुढच्या खोलीत दुपारी अक्काचा क्लास भरायचा. गल्लीतली बालवाडीतली, पहिलीतली पोरं यायची, आणि अक्का त्यांना आकार शिकवायची. अक्षरं, आकडे शाळेत शिकवतात, आकार कोणी नीट शिकवत नाही, असं तिचं म्हणणं होतं. मला आधी हे खूळच वाटायचं. गोल म्हणजे गोल आणि चौकोन म्हणजे चौकोन, त्यात शिकवायचं काय? हे मी एकदा तोंडावर बोललेही. तिने माझ्या हातात दोरी दिली आणि म्हणाली, “काढ बघू गोल.”

तिची पद्धत अशी. खोलीची जमीन लाल, गुळगुळीत, जुन्या घरांत असते तशी. अक्का मधोमध बसकण मारायची आणि दोरीचं एक टोक अंगठ्याने जमिनीवर दाबून धरायची. दुसऱ्या टोकाला खडू बांधलेला. तो खडू घेऊन एकेका पोराने तिच्याभोवती रांगत जायचं. “दोरी ताठ! सैल सोडलीस की गोल बिघडला!” असा तिचा ओरडा वरपर्यंत ऐकू यायचा. गोल पुरा झाला की सगळ्यांनी त्या रेघेवर बसायचं. मग ती मधून सगळ्यांकडे वळत वळत विचारायची, “माझ्या जवळ कोण बसलंय?” पोरं ओरडायची, “मी!” “आणि लांब कोण?” मग गोंधळ. पुन्हा दोरी निघायची, प्रत्येकापर्यंत ताणून दाखवली जायची, आणि शेवटी कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडायचा की सगळेच सारखे. “हां. गोल म्हणजे हेच. इथं कोणी जवळचं नाही, कोणी लांबचं नाही.” रोज पुसून जाणारा तो खडूचा गोल बघून अण्णांनी एका रविवारी पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचा गोल काढून दिला. तेव्हापासून तो जमिनीवर आहे. झाडू-पोछा करणाऱ्या बाईंसकट आम्ही सगळे तो ओलांडूनच ये-जा करतो.

अण्णा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पत्रे कापायच्या विभागात होते. तिथल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यांनी तिला त्रिकोण, चौकोन, चकत्या करून आणल्या. त्यावरून दोघांचं भांडण जुंपलं ते मी जिन्यात उभी राहून मजेत ऐकलेलं आहे. पोरांना लागू नये म्हणून अण्णांनी कोपरे घासून घासून गुळगुळीत केले होते, आणि अक्काचा पारा चढला होता. “ह्याला कोपरा म्हणतात होय? बोट फिरवताना थांबलं पाहिजे, वळलं पाहिजे. हे तर घसरतंय!” अण्णा बिचारे सगळे तुकडे परत घेऊन गेले आणि कोपरे बोचणार नाहीत पण कळतील असे नवे करून आणले. डोळे मिटून, पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवून पोरं आकार ओळखायची. आणि मग यायचा तिचा आवडता खेळ. चौकोन एका कोपऱ्याला दोरा बांधून ती खिळ्याला टांगायची आणि विचारायची, “हे काय?” सगळी पोरं एका सुरात, “शंकरपोळी!” मी असते तरी तेच म्हटलं असतं. कोणी उठून तो सरळ करायला गेलं की अक्का हात आडवा घालायची. “त्याला हात नाही लावायचा. तूच फिर.” मग पोरं माना वाकड्या करायची, तिरकी व्हायची, एकमेकांवर कोसळायची, आणि त्या ढिगातून एखादी किंचाळायची, “अक्का, चौकोनच आहे!” अक्काला त्या किंकाळीचं व्यसन होतं. क्लास संपवून वर चहाला यायची तेव्हा आज कोणाला दिसलं, हेच सांगत बसायची.

गेल्या वर्षी तिला झटका आला. हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा डावा हात, डावा पाय अशक्त होते, पण बोलणं स्वच्छ, आठवण पक्की, आम्ही देवाचे आभार मानले. जेवायला बसवलं. आमच्या पानात चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे. ह्या बाबतीत अक्का भलती कडक. पोरांना डावं-उजवंसुद्धा ती पानावरूनच शिकवायची. आणि ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “चटणी वाढली नाहीस.” मी म्हटलं, “वाढलीय की.” “कुठाय?” मला वाटलं, थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोशिंबीर नाही, लोणचं नाही, आणि भात बरोबर अर्धा खाऊन ठेवलेला, मधे सुरीने कापावा तसा. वर आणि तक्रार, “आजारी माणसाला इतकंच वाढतात?” मी चिडले. अण्णांना वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असणार. आम्ही तिला रिक्षात घालून चष्मेवाल्याकडे नेलं आणि नवा चष्मा करून आणला. नव्या चष्म्यातूनही चटणी दिसेना. शेवटी व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने हे एकदा पाहिलं, आणि ताट उचलून अर्धं फिरवून ठेवलं. “आत्ता वाढलीस होय!” अक्का म्हणाली, आणि चटणी बोटाने चाटली.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. डोळे उत्तम आहेत. मेंदूचा जो भाग डावीकडच्या जगाची दखल घेतो, तोच गेला आहे. तिच्या लेखी डावीकडे अंधार नाही, धूसरही नाही. डावीकडे असं काही नाहीच. त्यामुळे काही हरवलंय हेही तिला कळणार नाही. सुधारेल का, विचारलं तर म्हणाले, बघू या. त्या दिवसापासून आम्ही तिच्या ताटात सगळंच उजव्या अर्ध्यात वाढायला लागलो. त्यावरूनही मी बोलणी खाल्ली. “चटणी भाजीच्या शेजारी? पुण्याला असं वाढतात काय गं?” मी म्हटलं, “हो, पुण्याला असंच वाढतात.”

मी एकदा तिच्यासमोर पाटी ठेवली आणि म्हटलं, “अक्का, गोल काढा.” तिने काढला. वरून सुरू केला, उजवीकडून झोकात खाली आणला आणि खडू ठेवून दिला. “पुरा झाला?” “पुरा नाही तर काय?” मी अण्णांनी केलेली चकती तिच्या हातात दिली, कडेवरून बोट फिरवा म्हटलं. बोट निघालं, अर्ध्यावर गेलं, थांबलं आणि आल्या वाटेने परत आलं. मी तिचं बोट धरून पुढे नेलं, अख्खी चकती फिरवून आणली. तिने मान डोलावली, सरी सरी म्हणाली, आणि पुढच्या वेळी बोट पुन्हा तिथेच थांबलं. माना वाकड्या करा, तुम्ही फिरा, असं सांगून जिने गल्लीतल्या पोरांना दिसत नाही ते दाखवलं, तिला मी काय सांगणार होते? डावीकडे फिरा म्हणावं, तर तिला डावीकडे नावाची दिशाच उरली नव्हती. मला रडूही आलं नाही त्या दिवशी. नुसता राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना.

आणि तिला तर क्लास हवा होता. उन्हाळ्याची सुट्टी संपली, शाळा उघडल्या, तशी ती रोज विचारू लागली. “पोरं का येत नाहीत? तूच त्यांना फाटकातून परत पाठवतेस.” तिला दुसरं काही नकोच होतं. औषध देताना, वेणी घालताना एकच विषय. अण्णा मला म्हणायचे, “तू समजावून सांग, तुझं ऐकेल,” आणि मी म्हणायचे, “अण्णा, तुम्ही सांगा.” समजावणार काय? तिच्या दृष्टीने ती ठणठणीत होती, फक्त हात-पाय जरा लटके. शेवटी आम्ही हरलो. गल्लीतल्या आयांना विनवून एका दुपारी पोरं बोलावली. अक्काने नवं लुगडं नेसायचं म्हणून हट्ट धरला. खाली बसता येत नव्हतं म्हणून गोलाच्या मधोमध खुर्ची ठेवली. पोरं रेघेवर बसली. अक्काने चौकोन वर धरला, कोपऱ्यावर तिरका, आणि विचारलं, “हे काय?”

उजवीकडच्यांनी उत्तरं दिली, तिने त्यांना शाबासकी दिली, पुन्हा विचारलं. डावीकडे भूमिका नावाची एक चिमुरडी हात वर करून बसली होती. तिला उत्तर येत होतं, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. हात दुखायला लागला तसा तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. “अक्का... अक्का...” अक्का आवाजाने दचकली, उजवीकडच्या पोरांत कोण बोललं ते बघू लागली. मी दारात उभी होते. पुढे व्हावं, खुर्ची वळवावी, काहीतरी करावं असं फार वाटलं, पण अक्काच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी तो जुना आनंद होता आणि माझे पाय उचलले नाहीत. मग भूमिकाने हात खाली घेतला. क्षणभर अक्काकडे बघितलं, आणि ढुंगणावर सरकत सरकत ती उजवीकडच्या पोरांत घुसली. तिच्यामागून शेजारचा सरकला, मग आणखी एक. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. बघता बघता सगळी वानरसेना त्या अर्ध्या रेघेवर दाटीवाटीने, मांडीला मांडी लावून बसली. डावी अर्धी रेघ मोकळी. अक्काने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि समाधानाने मान हलवली. “आज गोल छान बसलाय,” म्हणाली. अण्णा उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच थांबले.

त्यानंतर क्लास झाला नाही. आयांना दोष देत नाही मी. त्या रोज विचारपूस करायच्या, पण पोरं पाठवेनात, आणि मीही आग्रह केला नाही. अक्का मात्र दुपारी खुर्चीत जाऊन बसायची, हातात चौकोन घेऊन. कोणी आलंय का म्हणून दाराकडे बघावं, तर दार तिच्या डाव्या हाताला. मी खुर्ची उलटी फिरवून ठेवली, म्हणजे दार उजवीकडे येईल. तेव्हा तिला दार दिसू लागलं, आणि त्यातून कोणी येत नाही हेही दिसू लागलं. फिरवली नसती तर बरं झालं असतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. थंडीत दुसरा झटका आला, आणि मग ते हॉस्पिटल, तो हिरवा पडदा...

तेराव्याला तिच्यासाठी पान वाढलं. केळीचं पान, शेंडा डावीकडे, पुढच्या खोलीत, त्या पांढऱ्या गोलातच, कारण फोटो ठेवायला तीच जागा मोकळी होती. वाढायला मी होते. सगळं रीतीने वाढलं, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. अक्काने शिकवलं होतं तसंच, एक वाटीसुद्धा इकडची तिकडे नाही. गुरुजी पाणी फिरवणार, तेवढ्यात अण्णा गुडघ्यांवर हात टेकत उठले. पानापाशी खाली बसले आणि चटणीचा गोळा बोटांनी उचलून पलीकडे भाजीच्या शेजारी ठेवला. मग कोशिंबीर घेतली, ती अर्धी वाटेत सांडली. मग लोणचं. गुरुजी हळूच म्हणाले, “अण्णा, ते डावीकडेच असतं.” त्यांचा हात चटणी परत ठेवायला पुढेही झाला.

“असतं,” अण्णा म्हणाले. “पण तिला तिकडचं दिसत नाही.”

गुरुजींनी हात मागे घेतला.