रिकाम्या बाकांचे बिशपसाहेब

संस्थान विलीन झालं, गोरी कुटुंबं विलायतेला परतली. म्हातारे बिशपसाहेब तेवढे ग्वाल्हेरात राहिले. मी टोपी बाजारातला घड्याळजी. दर रविवारी चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायला जायचो. बिशपसाहेब नगरच्या मिशनात शिकलेली मराठी बोलत, एकेक शब्द हळूच खाली ठेवल्यासारखा. प्रार्थना संपली की रिकाम्या बाकांपुढे थांबत, कुणाच्या डोक्यावर ठेवावा तसा हवेत हात ठेवून आशीर्वाद देत.

एकदा मी बाकावर टेकलो, तर म्हणाले, "भाऊसाहेब, जरा सरका. बाईंना अडचण होतेय."

मी सरकलो.

पुढे त्यांनाही परत बोलावणं आलं. निघताना त्यांनी माझा हात घट्ट धरला, रिकाम्या बाकांकडे मान वळवली. "आता यांच्याकडे तुम्हीच बघा. यांना दुसरं कुणी नाही."

मी हो म्हणालो. पुढचा रविवार मात्र घरीच काढला, आणि दिवसभर कुणीतरी ताटकळत बसलंय असं वाटत राहिलं.