पहिला महिना फुकट

आमचे भाऊजी एकवीस वर्षं शहर बस चालवत होते, सतरा नंबरची. स्टेशनपासून निघायची आणि कापड गिरणीपाशी संपायची. ताईशी त्यांचं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत होते. मला म्हणाले होते, "तुझ्या ताईला मी रोज फिरायला नेईन. रस्ता मात्र एकच मिळेल." बोलणं एवढंच, पण हसू यायचं. थांब्याकडे कुणी धापा टाकत येताना दिसलं की ते दार उघडं धरायचे आणि गेलेले पंधरा-वीस सेकंद पुढच्या तीन थांब्यांत कुठून कुठून भरून काढायचे. वेळापत्रक त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. जेवायला बसले तरी दोन मिनिटं आधी नाही की नंतर नाही.

मग एका हिवाळ्यात, सकाळच्या धुक्यात, कडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या पुढून एक म्हातारे गृहस्थ रस्त्यात आले आणि भाऊजींच्या बसखाली सापडले. जागीच गेले.

चौकशी सात आठवडे चालली. चालकाचा दोष नाही, असा निकाल लागला. कामावर रुजू व्हा, असं खात्याचं पत्र आलं. भाऊजींनी ते वाचलं, घडी घातली, कपाटात ठेवलं आणि ते गेले नाहीत. आधी आजारपणाची रजा झाली, मग बिनपगारी. ते घराबाहेरच पडेनात. स्वयंपाकघरातल्या खिडकीतून रस्ता दिसायचा, म्हणून खिडकीकडे पाठ करून भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायचे. अगदीच बोलायचे नाहीत असं नाही. काही विचारलं तर उत्तर द्यायचे, पण आपणहून एक वाक्य नाही. असे चौदा महिने गेले.

ताई हॉस्पिटलच्या धुलाई विभागात होती. सकाळी सहाला जायची, तीनला यायची. दार उघडलं की पहिल्यांदा खुर्चीकडे बघायची. भाऊजी तिथं आहेत ना, एवढंच बघायची, असं ती मला एकदा म्हणाली. 

मी तेव्हा एका विमा कंपनीत टायपिंगचं काम करत होते. एक दिवस वर्तमानपत्रातून एक रंगीत कागद पडला. घरबसल्या सिनेमे, टपालाने. हे तेव्हा नवीनच निघालं होतं. आपण यादी द्यायची, कंपनी एका वेळी दोन डिस्क पाठवणार. बघून झाल्या की त्याच पाकिटात घालून टपालपेटीत टाकायच्या. त्या पोचल्या की पुढच्या दोन निघणार. पहिला महिना फुकट, आणि नको असेल तर महिना संपायच्या आत कळवायचं.

"ते नाही बघणार," ताई म्हणाली. "दिवसभर भिंतीकडे बघत बसतात."

"मग भिंतीच्या पुढे टीव्ही ठेव."

ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी टीव्ही स्वयंपाकघरात आणला. डिस्क लावायचं माझं जुनं यंत्र मी नेऊन जोडून दिलं आणि ऑफिसातल्या बायकांना विचारून वीस नावांची यादी भरून टाकली.

पहिली दोन पाकिटं गुरुवारी आली. पातळ, चौकोनी, एका कडेला फाडायची पट्टी आणि आत परत पाठवायचा पत्ता छापलेला. त्यातला एक सिनेमा विनोदी होता. भाऊजींनी पाच मिनिटांत खुर्ची दुसरीकडे वळवली. दुसरा एका दीपस्तंभावर एकट्या राहणाऱ्या माणसाचा होता. त्यात फारसं काही घडत नव्हतं. तो माणूस काचा पुसायचा, वात बघायचा, वहीत हवामान लिहायचा. अर्ध्या तासाने भाऊजी म्हणाले, "आवाज जरा वाढव."

एवढं सांगायला ताईने मला ऑफिसात फोन केला.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी त्या रंगीत कागदाच्या मागे पेन्सिलीने एक तक्ता आखला. कंपनीतून पाकीट कधी निघतं, आपल्याकडे कधी येतं, परत कधी पोचतं. ताई ते पाकीट संध्याकाळी टाकायची आणि टपालवाला पेटी उघडायचा सकाळी अकराला. म्हणजे पाकीट रात्रभर पेटीत पडून.

"असं टाकलं तर महिन्यात दहाच होतात," भाऊजी म्हणाले. "सकाळी टाकलं तर चौदा."

"मग तुम्हीच टाका की," ताई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

पेटी रस्त्याच्या पलीकडे होती. तिच्या शेजारीच बूट दुरुस्त करणाऱ्या बाईचं दुकान होतं. पुढचं तिने ताईला सांगितलं. भाऊजी पाकीट हातात घेऊन खाली आले आणि फुटपाथच्या कडेला पाऊण तास उभे राहिले. अकरा वाजून गेल्यावर परत वर गेले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी ती बाई हातातलं काम टाकून रस्ता ओलांडून त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, "चला, मलाही पलीकडे जायचंय." मग त्यांच्या बाजूने चालत त्यांना पेटीपाशी घेऊन गेली. आता तिचं दुकान पलीकडेच होतं, म्हणजे ती त्यांना न्यायलाच अलीकडे आली होती. भाऊजींच्या हे लक्षात आलं असणारच. ते फक्त "हो" म्हणाले.

त्यानंतर पाकीट टाकायला ते एकटे जाऊ लागले. आम्हाला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या आठवड्यात एक पाकीट आलं. वरच्या कागदी खिशावर कुठल्या तरी युद्धपटाचं नाव होतं, पण आतली डिस्क साधी, बिनछापाची निघाली. कुणीतरी परत पाठवताना चुकून स्वतःच्या घरची डिस्क घातली होती. बावीस मिनिटांचं घरगुती चित्रण. एक आजोबा अंगणात सायकलची साखळी बसवतायत. मग टेबलाशी बसून सफरचंद सोलतायत. चित्रण करणारी मुलगी म्हणते, "इकडे बघा ना," आणि ते हात हलवून तिला हाकलतात. मग बाहेर जायला बूट घालतात, कुणाला तरी विचारतात की छत्री घेऊ का, आणि संपतं.

मी कंपनीला फोन केला. तिथली बाई म्हणाली, होतं असं कधी कधी, त्याच पाकिटातून परत पाठवा, आम्ही शोधू कुणाची ते. पण भाऊजींनी ती चार दिवस पाठवलीच नाही. तक्त्यातले चार दिवस त्यांनी आपल्या हाताने वाया घालवले. ताई कामावरून यायची तेव्हा ते आजोबा टीव्हीवर साखळी बसवत असायचे.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. आम्ही तिघं चहा घेत होतो आणि तेच चालू होतं. आजोबा बूट घालायला वाकले.

"हा आधी डावा घालतो," भाऊजी म्हणाले.

कुणी काही विचारलं नव्हतं. 

"त्याचा एक बूट निघाला होता. मी तो परत त्याच्या पायात घातला. का घातला कोण जाणे."

ताईने कप खाली ठेवला.

"त्याने मला वेळ विचारली. किती वाजले, म्हणाला. मी सांगितलं, सहा चाळीस. तर म्हणाला, बरं."

"जागीच गेले होते ना ते?" मी विचारलं.

"नाही. मी खाली उतरलो तेव्हा होता. चौकशीत कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही." मग टीव्हीकडे बघतच म्हणाले, "मी तीन मिनिटं मागे होतो. एवढ्या धुक्यात तेवढा वेग ठेवायला नको होता. चौकशीच्या साहेबांनी वेग किती होता विचारलं, मी बेताचा होता म्हणालो. प्रवासी तिघेच होते आणि तिघेही पेंगत होते. साहेबांनी बेताचा लिहिला."

 ताई उठली आणि तिने टीव्ही बंद केला. "झालं ते झालं," ती म्हणाली. "निकाल लागलाय. आता हे या खोलीच्या बाहेर न्यायचं नाही. ऐकलंत?" भाऊजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

सोमवारी त्यांनी डिस्क पाकिटात घातली. सोबत चिठ्ठी: 'हे कुणाच्या तरी घरचं आहे. यात एक आजोबा आहेत. कृपया पोचतं करावं.' पाकीट पेटीत टाकलं आणि ते घरी आले नाहीत. चौकशीच्या कागदांवर मेलेल्या माणसाचा पत्ता होता, तो त्यांना पाठ होता. बसने गेले नाहीत. दीड तास चालत गेले.

तिथलं सगळं मी भाऊजींकडून ऐकलं आहे, आणि थोडं त्या गेलेल्या गृहस्थांच्या मुलीकडून.

दार तिनेच उघडलं. चाळिशीची असेल. चौकशीच्या वेळी सात आठवडे ती यांच्या समोरच्या बाकावर बसत होती, त्यामुळे ओळख द्यावी लागली नाही.

"तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"आई दोन महिन्यांपूर्वी गेली. ती म्हणायची, तो ड्रायव्हर एकदा तरी येईल बघ. मी म्हणायचे, नाही येणार." दाराची कडी तिच्या हातातच होती. "आत या म्हणणार नाही मी."

"नको. इथेच सांगतो."

जिन्यात उभं राहून त्यांनी सांगितलं. आधी बूट, मग वेळ विचारली ते. तिने दोनदा विचारून घेतलं.

"बरं म्हणाले? असंच?"

"असंच. बरं."

ती दाराच्या चौकटीला टेकली. "आईचं डायलिसिस असायचं सातला. बाबा टॅक्सी आणायला निघाले होते. उशीर होईल म्हणून तिच्यापेक्षा तेच जास्त घाबरायचे." मग थांबून म्हणाली, "सहा चाळीस म्हणजे वेळ होता."

भाऊजींना तिथून निघता आलं असतं. जे नेऊन द्यायचं ते दिलं होतं, आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच राग नव्हता. पण त्यांनी तीन मिनिटांचंही सांगितलं. वेगाचं सांगितलं. साहेबांना काय सांगितलं तेही.

ती आत गेली. दार उघडंच होतं. संपलं, असं समजून भाऊजी एक पायरी उतरले, तोच ती वही आणि पेन घेऊन बाहेर आली.

"हे सगळं लिहा. खाली सही आणि तारीख."

त्यांनी जिन्याच्या भिंतीला वही टेकवून लिहिलं. तिने उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, एका शब्दाचं अक्षर लागेना, तो परत लिहून घेतला आणि दार लावलं.

घरी आल्यावर त्यांनी ताईला सांगितलं. मी तिथं नव्हते, पण भांडण खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

"मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! चौदा महिने मी काय वाट बघत होते, तुम्ही बोलाल म्हणून. आणि बोललात, तर लगेच तेच तिच्या दारात जाऊन."

महिना संपायच्या आदल्या दिवशी मी कंपनीला फोन करून नको म्हणून कळवलं. यादीतले बरेच सिनेमे बघायचे राहिले. त्या आजोबांची डिस्क त्यांच्या घरी पोचली की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही.

चौकशी पुन्हा उघडली, मग प्रकरण कोर्टात गेलं. खात्याने भाऊजींना कामावरून काढलं, गाडी चालवायचा परवाना कायमचा गेला. तुरुंगात जावं लागलं नाही, कारण कबुली त्यांनी आपणहून दिली होती आणि न्यायाधीशांनी ती लक्षात घेतली. निकालाच्या दिवशी भाऊजी सरळ उभे होते, अगदी गणवेशात उभे राहायचे तसे. ताई सगळा वेळ जमिनीकडे बघत होती.

बाहेर व्हरांड्यात ती मुलगी माझ्याजवळ आली. मी कोण, हे तिला ठाऊक होतं.

"ते झोपतात का?" तिने विचारलं.

मी खोटं कशाला बोलू. "आता झोपतात," म्हटलं.

"मी नाही झोपत," ती म्हणाली. "आधी झोपायचे. ते येऊन सांगून गेल्यापासून नाही." आणि बॅग खांद्यावर अडकवून जिना उतरून गेली.

ताईने भाऊजींशी धड बोलायला वर्ष घेतलं. ताट वाढायची, औषध द्यायची, पण बोलणं कामापुरतं. पुढे धुलाई विभागात एक जागा रिकामी झाली आणि तिनेच त्यांचं नाव सुचवलं. तिथं मोठ्या चादरींच्या घड्या घालायला दोन माणसं लागतात. एकाने या टोकाला धरायचं, दुसऱ्याने त्या, झटकायचं आणि मग चालत समोरासमोर यायचं. तिथल्या मुख्य बाईंनी या दोघांची जोडी लावली. दिवसाला तीनशे-साडेतीनशे चादरी व्हायच्या. सुरुवातीला दोघं एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे बघत जवळ यायचे, टोकं हातात द्यायचे आणि परत मागे जायचे.

मागच्या महिन्यात मी तिथं ताईला डबा द्यायला गेले होते. दाराशी पाच मिनिटं उभी राहिले. चादर धरून दोघं मध्यावर आली की ताई काहीतरी म्हणत होती आणि भाऊजी मान हलवत होते. यंत्रांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. डबा टेबलावर ठेवून मी निघाले.