इंदूमावशीची धिरडी

इंदूमावशी ताटली हातात देऊन कधी निघून जात नसे. शेवटचा घास गिळेपर्यंत दारात उभी राही. "खाय माय, मी उभी शे," एवढंच म्हणे.

एक्क्याण्णव साली लग्न होऊन मी परभणीहून सुरतेला आले. पर्वत पाटियाजवळ आमची खोली होती आणि भिंतीपलीकडे ही अमळनेरकडची मावशी. माझे यजमान सकाळी सातला लूमवर जात, मग मी चहा-बटरवर दुपार गाठत असे. दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी रक्त फार कमी असल्याचं सांगितलं. मावशीला हे कळलं तशी ती म्हणाली, "चहामा काय शे? पाणी नि रंग. पोर रंगवर वाढी का?"

दुसऱ्या दिवसापासून धिरडं सुरू झालं. ज्वारी, हरभऱ्याचं पीठ, सालासकट वाटलेले मूग, तीळ आणि भरपूर मेथी. वरून लिंबू. लिंबानं मेथीतलं लोह अंगी लागतं, असं तिला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं. शेजारच्या गुजराती बायका त्याला पुडला म्हणत आणि मागून नेत. मला मात्र मेथीच्या वासानं मळमळे. एकदा तिला हाक आली म्हणून ती वळली, तेवढ्यात मी धिरडं खिडकीतून गायीपुढे टाकलं. तिनं ते पाहिलं. मला रडू आलं.

ती रागावली नाही. शेजारी बसून म्हणाली, "मेथी नको ना? मंग सांगानं व्हतं." सकाळी तिनं शेवग्याचा पाला घालून तळहाताएवढी लहान धिरडी आणली. ती मला पचली. आठव्या महिन्यात रक्त वाढलेलं निघालं.

मुलगी झाली, पावणेतीन किलोची. मावशीनं तिला मांडीवर घेतलं आणि तिचं दुपटं सारखं केलं. मग सांगितलं, तिची पहिली दोन बाळं अगदी बारकी जन्मली होती. महिनाभरही जगली नाहीत. तेव्हा ती सकाळी काळा चहा पिऊन शेतात जायची. "तवय माले कोनी सांगं नही," ती म्हणाली.

मुलगी चालायला लागली त्या वर्षी मावशी मुलाबरोबर कामरेजला राहायला गेली आणि दोन वर्षांनी तिथेच वारली. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. त्या दोन बाळांची तिनं काही नावं ठेवली होती का, हे विचारायचं राहूनच गेलं.