गोळीने नाक उघडलं, पण सोमवारी टेस्ट होती

गेल्या महिन्यात दांडेलीला माझी ड्रायव्हिंगची टेस्ट होती. आणि बरोबर तीन दिवस आधी माझं नाक बंद झालं... दोन्ही बाजूंनी.

आम्ही कुंभारवाड्याच्या पुढे एका वाडीत राहतो. बस मोजक्याच. आमच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, टेम्पो आहे, वाडीतलं भात, कंद, कोकम सगळं तोच जोयड्याच्या बाजाराला नेतो. पावसाळ्यात मालक झाडावरून पडले, पाय मोडला आणि टेम्पो मांडवात उभा राहिला. त्या आठवड्यातच मी ठरवलं... आता गाडी मी चालवायची.

लर्निंग लायसन्स काढलं. धाकटे भावजी रामनगरहून येऊन शेजारी बसायचे, मालक कुबडी टेकून बांधावरून सूचना द्यायचे. चाळिशीतली बाई गिअर टाकते म्हणून लोक बघायला थांबायचे. थांबू देत म्हटलं.

टेस्ट सोमवारी आणि मळणी त्याआधीच्या गुरुवारी. भाताची धूळ मला दरवर्षी सोसत नाही, पण यंदा कहरच झाला. शुक्रवारी सकाळी शिंका मोजायच्या बंद केल्या. डोकं दगडासारखं जड, श्वास तोंडाने आणि घास गिळताना तर तोही नाही.

बस धरून जोयड्याला मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर एक तरुण मुलगी असते, शांत स्वभावाची. सर्दीची गोळी मागितली तर तिने आधी प्रश्नच सुरू केले.

"अक्का, बीपी हाय काय? थायरॉईड? दुसरी कुठली गोळी चालू हाय?"

"न्हाई गं. दे लवकर, बस जाईल."

तिने पाकीट हातात धरूनच समजावलं. "ह्या एका गोळीत दोन औषधं हायत. एक शिंका आणि नाकातलं पाणी कमी करतंय. दुसरं नाकातल्या फुगलेल्या शिरा आकसवतंय, म्हणून वाट मोकळी हुतीया. पण घरात कुणाला बीपी असंल तर त्यांना ही देऊ नका, दुसऱ्या औषधानं बीपी वाढतंय. आणि पयल्यानं झोप येतीया... गोळी चालू हाय तवर गाडी चालवायची न्हाई."

मी मान हलवली. लक्ष सगळं बसकडे.

संध्याकाळी जेवून गोळी घेतली. तासाभरात आधी उजवी बाजू सुटली, मग डावी. दिवसभरानंतर नाकाने पूर्ण श्वास घेतला... इतकं साधं सुख असतं हे! त्या रात्री गाढ झोपले.

शनिवारी सकाळी नाश्त्यानंतर दुसरी गोळी घेतली. तासाभराने भावजी म्हणाले, "वैनी, आज आठचा आकडा घालूया." मला त्या मुलीचं बोलणं आठवलं. पण नाक मोकळं, डोकं हलकं, झोप कुठेच नव्हती. आपल्याला काय होतंय, म्हणून बसले स्टिअरिंगवर.

रिकाम्या शेतात दोन फेऱ्या बऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला समोर गवताची गंजी दिसली. दिसली म्हणजे अगदी स्पष्ट दिसली... ब्रेक लावायचा हेही कळलं. पाय मात्र उशिरा गेला. टेम्पो सरळ गंजीत घुसला.

कुणाला लागलं नाही. भावजी गवत झाडत हसत उतरले. मला हसू येईना. त्या गंजीआड आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, रोज ऊन चढलं की भात वाळवत बसतात. त्या दिवशी त्या अजून आल्या नव्हत्या, एवढंच.

तिथेच ठरवलं. टेस्ट होईपर्यंत ही गोळी घ्यायची नाही आणि टेस्टही चुकवायची नाही.

रविवारी वाफ घेतली, मिठाच्या पाण्याचे ड्रॉप घातले, नाकाला फडकं बांधून धुळीपासून लांब बसले. थोडा फरक पडला, पण सोमवारी सकाळी परत शिंका. मालकांना बघवेना. तेच गोळी घेऊन पुढे आले.

"घे एक. साहेबांसमोर शिंकत बसणार हायस काय?"

"शिंकीन. पण जागी ऱ्हाईन."

भावजींनी गाडी दांडेलीला नेली. माझा नंबर आला. अर्धा आकडा नीट झाला आणि वळणावर नाकात वळवळ सुरू झाली. मी ब्रेक दाबला, गाडी पूर्ण थांबवली, हँडब्रेक ओढला... आणि सलग चार शिंका दिल्या. डोळे पुसले. आरशात बघितलं आणि पुढे निघाले. आता काही पास होत नाही अशी मनाची तयारीच केली होती.

साहेबांनी जवळ येऊन विचारलं, "मध्येच का थांबलात?"

"सर, शिंकताना डोळे मिटतात. दिसत नसताना गाडी कशी चालवायची?"

"मग औषध नाही घेतलं?"

"त्यानं झोप येते, सर. परवा एकदा चूक केली मी."

त्यांनी आकडा पहिल्यापासून पुन्हा घालायला सांगितला. घातला. रिव्हर्स घेतला. मग त्यांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "थांबायचं कधी ते कळतंय तुम्हाला. जावा, पास झालाय."

घरी येऊन जेवले आणि मग शांतपणे एक गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळून राहिले, कुणी उठवलं नाही.

औषध चांगलंच होतं. त्याने त्याचं काम चोख केलं... त्याच्याबरोबर मिळालेला सल्ला मीच अर्धा ऐकला होता. बस सुटेल म्हणून मी घाई करत असतानाही त्या मुलीने पाकीट हातात धरून ठेवलं, सगळं सांगून मगच दिलं. तिचे मनापासून आभार.

काल शेजारच्या चार घरांचे कंद भरून जोयड्याला पहिली फेरी मारली. मालक डाव्या बाजूला बसले होते. गुंदच्या फाट्यापर्यंत सूचना देत होते, पुढे गप्प झाले... जरा वेळाने बघितलं तर चक्क झोपले होते.