आजीच्या वेलाचा तंबोरा

आमच्या आजीचा आवाज इतका भारदस्त, की तिनं क्वार्टरच्या दारातून बाबांना हाक मारली की कारखान्यातली माणसं भोंगा झाला समजून डबे आवरायची. खोटं वाटत असेल तर भोपाळला जाऊन विचारा. ऐकलेलं कोणी आता तिथं उरलं नाही, त्याला मी काय करू?

आई गायची उंच, काळी पाचच्या पट्टीत. आजी लगेच म्हणायची, "सूनबाई, किती तो किनरा आवाज! खाली उतरा जरा." आजी असेपर्यंत आई चारचौघांत गायली नाही.

आजी गेली तेव्हा तिनं मोरीच्या पाण्यावर वाढवलेल्या वेलाला बियांसाठी राखलेला एकच भोपळा होता, हंड्याएवढा. तो गच्चीवर खडखडीत वाळला. टाउनशिपमधल्या मंडळाच्या गणपतीत आईला गायचं होतं, म्हणून बाबांनी त्याचाच तंबोरा करायला घेतला. दांडी मशिनच्या पॅकिंगच्या खोक्याच्या लाकडाची. तारा टेकतात ती घोडी उंटाच्या हाडाची. तारा तेवढ्या जवाहर चौकातून विकतच्या.

"शाकाहारी घरात हाड?" आईनं विचारलं.

"वाजवायचंय, चघळायचं नाहीये," बाबा म्हणाले.

अख्ख्या भोपळ्याला बाईनं आधी सुरी लावायची नाही, पुरुषानं लावायची, ही आमच्याकडची रीत. पण बाबा ओव्हरटाइमला आणि आईला कुठला धीर! तिनंच करवत चालवली. चीर पडताच आतून गार श्वास आला. वाळक्या बिया हळूच सरकल्या, झोपेत कोणी कूस बदलावी तशा.

तंबोरा उभा राहिला. आई तो काळी पाचला लावायची आणि चहा टाकून येईपर्यंत तारा थेट आजीच्या सुरात उतरलेल्या असायच्या.

"लकडी कच्ची आहे अजून, चलता है," बाबा म्हणाले. पण त्या खोलीत बसणं त्यांनी सोडलं.

मांडवातही तेच झालं. आईनं सूर धरला न धरला, तोच तारा खाली घसरल्या. तिनं तंबोरा आडवा ठेवला, पदर खोचला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "सासूबाई, आता तुम्ही बसा. मी गाते."

आणि ती गायली, काळी पाचमध्ये, नुसत्या गळ्यानं. मी पहिल्याच रांगेत होतो. तंबोऱ्याच्या खुंट्या करकरत होत्या. हात कोणाचाच नव्हता, पण तारा पिळल्या जात होत्या, वर, आणखी वर, आईला गाठायला.

आईनं शेवटची तान घेतली आणि पहिली तार तटकन तुटली.