पान सोळावरची करंगळी

बाईंना हात काढता येत नव्हते. तीस वर्षं शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या बाईबद्दल असं म्हणणं म्हणजे आचाऱ्याला चुलीची भीती वाटते म्हणण्यासारखं आहे, पण खोटं कशाला बोला? झाडं काढावीत ती बाईंनीच, पाणी काढावं ते बाईंनीच. पळणारी पोरं तर अशी, की वाटावं आता पान सोडून दारातून बाहेर जातील. फक्त मनगट संपलं की पेन्सिल अडायची. त्यामुळे त्यांच्या पहिल्या पुस्तकात गुरुजी हात मागे बांधून उभे, पोरं खिशात हात घालून उभी, आणि फळं विकणारी बाईसुद्धा हात शालीत घेऊन बसलेली. तेव्हाचे मालक, म्हणजे आताच्या मालकांचे वडील, चष्मा कपाळावर सारून म्हणाले होते, "बाई, तुमच्या चित्रात सगळ्यांनाच थंडी वाजते का?"

मग लग्न झालं आणि घरात हात आले. नवरा पोस्टात खिडकीवर होता. संध्याकाळी घरी आला, चहा झाला, की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचा आणि विचारायचा, "आज मी कोण?" बाईंनी डॉक्टर म्हटलं की चमचा थर्मामीटरसारखा धरून गंभीर चेहऱ्याने बसणार. खलाशी म्हटलं की झाडूचा दांडा वल्ह्यासारखा धरणार. बाळाला घेतलेली आई हवी असेल तर उशी छातीशी धरणार, आणि वर उशीला थोपटणार. अख्ख्या एका पिढीने पहिलीच्या पुस्तकात जिचे मायेचे हात पाहिले, ती आई म्हणजे पोस्टातला एक मिशीवाला माणूस होता. हे कुणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

त्याच्या एका हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी दारात सापडली, आणि शेवटच्या पेरापाशी जी आत वळली ती वळलीच. त्याला त्याची जरा लाज वाटे, म्हणून फोटोत मूठ मिटायचा. घरात मात्र थट्टा करायचा, की सरळ बोटाने तूप निघत नाही, म्हणून मला वरूनच तयार करून पाठवलंय. बाई जे समोर दिसेल तेच काढणाऱ्या. त्यामुळे डॉक्टर, खलाशी, आई, कुंभार, सगळ्यांची करंगळी वाकडी. इतक्या वर्षांत एकाही मास्तराने तक्रार केली नाही, कारण मुळात करंगळीकडे बघतो कोण?

तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतर बाईंच्या चित्रातली माणसं पुन्हा खिशात हात घालायला लागली, आणि नेमकं तेव्हाच मशीन आलं.

धाकट्या मालकांनी ते मोठ्या कौतुकाने दाखवलं. नुसतं लिहायचं, की नदीवर होडी, होडीत म्हातारा, आणि चित्र हजर. वर ते म्हणाले, की आपली जुनी सगळी पुस्तकं आपण त्याला दाखवली आहेत, म्हणजे मुलांना तुमचाच हात वाटेल. बाई हसल्या, आणि घरी येईपर्यंत आपण का हसलो ते त्यांना कळेना. चोरी म्हणावी तर तोंडावर सांगून केलेली. कौतुक म्हणावं तर कौतुक झाल्यावर माणसाला रिकामं बसवत नाहीत. चित्रं आपल्यासारखी होती, झाडं तर थेट आपली होती, पण ती काढल्याचं बोटांना काहीच आठवत नव्हतं. या घोळाला काय म्हणावं?

पूर्ण रिकामं मात्र बसवलं नाही. मशीनलाही हात येत नव्हते! कुणाला सहा बोटं, कुणाचा अंगठा उलट्या बाजूला, कुणाची दोन बोटं एकमेकांत विरघळलेली. मग मालकांनी बाईंना काम दिलं, की चित्रं घरी पाठवतो, हात तेवढे दुरुस्त करा. प्रत्येक चित्राच्या दोन प्रती यायच्या. एकीवर बाईंनी पांढऱ्या रंगाने चूक बुजवून बोट नीट काढायचं, दुसरी तशीच घरातल्या फाईलला. सोबत एक तक्ता: पान, चूक, दुरुस्ती. आयुष्यभर ज्या बाईला हात आले नाहीत, ती हातांची डॉक्टर झाली. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच. पण बाईंना काम हवं होतं. टेबलाशी बसायला कारण उरलं नसतं, तर त्या घरात दिवसभर करायचं काय, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

आठ महिने असे गेले. मग एका सकाळी पान सोळा आलं. घड्याळ दुरुस्त करणारा म्हातारा, डोळ्याला भिंग, डाव्या हातात उघडं घड्याळ. डावी करंगळी शेवटच्या पेरापाशी आत वळलेली. बाईंनी सवयीने तक्त्यात "करंगळी वाकडी" असं लिहिलं, पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला, आणि ब्रश हातातच राहिला.

हे बोट त्यांनी पाहिलं होतं. स्टुलावर, त्या समोरच्या स्टुलावर, हजार वेळा.

एक मन म्हणालं, हे यांचंच. मग दुसरं मन म्हणालं, अगं, बोटं वाकडी काढणं हा तर या मशीनचा धंदाच आहे. आठ महिने तू दुसरं काय करते आहेस? पहिलं मन म्हणालं, पण बरोबर शेवटच्याच पेरापाशी? बाईंनी कपाटातून जुनी पुस्तकं काढून जमिनीवर मांडली. यांची करंगळी कोणत्या हाताची, ते एकदा बघितलं की सोक्षमोक्ष लागेल. डॉक्टरची उजवी. खलाशाची डावी. आईची डावी. कुंभाराची उजवी.

म्हणजे दोन उजव्या, दोन डाव्या. मग आठवलं, चित्रात माणूस डावीकडे तोंड करून हवा असेल तर त्या कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरून गिरवायच्या. निम्मी चित्रं तशीच केलेली. कागदावर उजव्याचं डावं होताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि आता खरी करंगळी कोणती, हे त्यांना आठवेना. चोवीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, ज्याचे हात काढून पोट भरलं, त्याचा कोणता हात तो, हे आठवेना! फोटो बघावेत तर सगळ्यात मुठी मिटलेल्या. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की बोलायची सोय नाही.

शेवटी त्यांनी मागच्या गल्लीत राहणाऱ्या थोरल्या नणंदेला बोलावलं. ताई आल्या, जमिनीवरचा पसारा बघितला, घरात चोर शिरला होता का असं विचारून खुर्चीवर बसल्या. बाईंनी आडवळण न घेता विचारलं.

"उजवी," ताई ताबडतोब म्हणाल्या.

"नक्की?"

"दार मीच लावलं होतं." ताईंनी जमिनीवरचं एक पुस्तक उचलून मिटलं. मग म्हणाल्या, की तो कधी बोलला नाही, आईलाही सांगितलं नाही, पण पोस्टाच्या खिडकीवर गेले की मला आधी ते बोटच दिसायचं.

म्हणजे म्हाताऱ्याची डावी करंगळी यांची नव्हती. की होती? बाईंनीच काचेवर उलटी केलेली करंगळी बघून मशीन शिकलं असेल तर ती यांचीच. आणि मशीन नुसतंच चुकलं असेल तर कुणाचीच नाही. बाईंनी हे ताईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आधीच्या चित्रांत काय होतं गं?"

बाईंचा चेहराच उतरला. उठून त्यांनी फाईलचा गठ्ठा आणला, न दुरुस्त केलेल्या प्रतींचा. दोघी एकेक चित्र बघायला लागल्या. सहा बोटांची पोरगी, ती चूक. उलट्या अंगठ्याचा शिपाई, ती चूक. मग न्हावी, कात्री धरलेली, करंगळी शेवटच्या पेरापाशी आत. मग माळी. मग पत्र वाचणारी आजी. ताई बोट ठेवत गेल्या आणि बाई मोजत गेल्या. एकोणीस. एकोणीस करंगळ्या बाईंनी आपल्या हाताने, दोन नंबरच्या ब्रशने, सरळ केल्या होत्या. चूक शोधायला बसवलं म्हणून त्यांना फक्त चूक दिसली, आणि तक्त्यात अक्षरही किती सुरेख काढलेलं: "करंगळी वाकडी. सरळ केली." बाई रडल्या. ताईंनी त्यांना रडू दिलं, आणि स्वतःचेही डोळे पुसले.

पान सोळा तसंच परत गेलं. तक्त्यातली ओळ खोडून बाईंनी लिहिलं, "चूक नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांचा फोन आला. आवाज गोडच होता. "बाई, सोळावर नजर चुकली का? करंगळी वाकडी राहिली."

"चुकली नाही. तशीच असू द्या."

"अशी कुणाची असते?"

"आमच्या यांची होती."

मालक हळूच म्हणाले, "पण बाई, चित्र तर मशीनचं आहे. त्याला तुमचे हे कुठे माहीत?"

"तेच तर मला कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण मी सरळ करणार नाही. बाकी सगळे हात आणा, करते. ही नाही." आपण काम घालवतो आहोत हे त्यांना बोलता बोलताच कळलं, आणि तरी जीभ थांबली नाही. मालक नाराज झाले. राहू द्या, म्हणाले, मशीनलाच सांगतो, मिनिटभराचं काम आहे. फोन बंद झाला. बाई टेबलाशी बसून राहिल्या. समोर पांढऱ्या रंगावर साय धरत होती.

अर्ध्या तासाने फोन पुन्हा वाजला. या वेळी मालकांचा गोडवा संपला होता. चार वेळा सांगितलं, ते म्हणत होते, डावी करंगळी सरळ कर, आणि डावी केली बरोबर सरळ, पण आता दुसऱ्याच हाताची वाकडी करून ठेवलीय. काय वेड लागलंय या मशीनला ते कळत नाही. पुस्तक उद्या छपाईला जायचंय. बाई, एवढं एक करून द्या ना.

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं.

"म्हणजे उजव्या हाताची?" त्यांनी विचारलं.

"हो, उजव्या."

"मग आता बरोबर आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनीच फोन ठेवला.