फाळक्यावरचं तळं

टर्पेंटाइनचा वास आला की बेलापूरकडचा एक ट्रॉलीवाला आठवतो आणि अजूनही तोंड कडू होतं. तेव्हा मी उसाच्या ट्रॉल्या रंगवायचो. त्याच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर मी डोंगर, निळंशार तळं आणि एक हंस काढला होता. रंग वाळेस्तोवर ट्रॉली फडाच्या कडेला उभी होती. ऊस तोडणारी एक बाई डोक्यावरची मोळी टाकून तिथंच थबकली. म्हणाली, "पानी लई गार दिसतंय, दादा. पाय सोडून बसावं वाटतंय." तेवढ्यात मालक आला आणि खेकसला, "आपल्याकडं असलं तळं हाय का कुठं? खोटं कशाला काढतो? खरं काय ते काढ." त्याचं खरं म्हणजे गॉगल लावलेला तो स्वतः आणि मागं त्याचा दुमजली बंगला. त्या बंगल्याचा तर पायासुद्धा खणलेला नव्हता! आणि मी, लाचार, त्या बाईच्या देखत तळ्यावर त्याचं थोबाड रंगवलं. काल रस्त्यात तीच ट्रॉली माझ्या पुढं होती. उन्हानं रंगाचे पोपडे निघालेत. बंगला पार उडालाय, साहेबांचं नाकही गेलंय, आणि नाकाच्या जागी माझा हंस पोहतोय.